रोबोटिक शस्त्रक्रियेसाठी देणगी: मशीनला द्यावी की पेशंटच्या बिलाला? (सोलापूर)

दक्षिणकसबा_विश्वस्त (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचा छोटा सार्वजनिक न्यास आहे. शिष्यवृत्ती आणि वैद्यकीय मदत ही दोनच कामं. यंदा वैद्यकीय मदतीसाठी २५ लाख बाजूला काढलेत. शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाचा प्रस्ताव आलाय: शस्त्रक्रियेचा रोबोट घ्यायचा आहे, दहा-बारा देणगीदार गोळा करतोय, तुम्हीही या, दारावर नाव लागेल. नावाची हौस नाही. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडचे शेतमजूर असे पेशंट आमच्याकडे अर्ज करतात. त्यांना या पैशातून नेमकं काय मिळेल, एवढंच कळायला हवं.

माझे प्रश्न असे: रोबोटने कोणत्या ऑपरेशनमध्ये खरंच फरक पडतो? मशीन फुकट आलं तर ऑपरेशन स्वस्त होतं का? आणि मशीनला पैसे न देता थेट पेशंटमागे दिले तर कसं? ब्रोशर पाठ झालंय. त्यातलं सांगू नका.

---

युरो_होटगीरोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते चुकलं तर पुढचा सगळा हिशेब वाया.

रोबोट स्वतः काही कापत नाही. सर्जन त्याच ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये), टेबलापासून थोडं लांब, कन्सोलवर बसतो. पेशंटच्या पोटात ८ मिलिमीटरच्या नळ्यांतून चार हात जातात: एकावर कॅमेरा, तिघांवर अवजारं. पोट कार्बन डायऑक्साइडने साधारण १२ ते १५ मिमी पारा दाबाला फुगवलेलं असतं. दुर्बिणीच्या ऑपरेशनपेक्षा जास्तीचं काय मिळतं, तर अवजाराचं टोक मनगटासारखं वळतं, चित्र खोलीसकट दिसतं आणि हाताचा कंप गाळला जातो. म्हणजे फायदा कुठे? जिथे जागा अरुंद आहे आणि आत टाके घालायचे आहेत, तिथे. बाकी ठिकाणी साधी दुर्बीण तेच काम करते.

प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ग्रंथी पूर्ण काढून मूत्राशय आणि मूत्रमार्ग पुन्हा जोडायचा असतो, ओटीपोटाच्या तळाशी. पोट उघडून केलं तर रक्त बरंच जातं, रोबोटने खूप कमी. रक्ताच्या बाटल्या वाचतात, मुक्काम कमी होतो. पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांत रोबोटने जादू होते असं समजू नका. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या चाचणीत (२०१६, पुढचा अहवाल २०१८) अनुभवी हातांची उघडी शस्त्रक्रिया आणि रोबोटिक यांत या दोन बाबतींत फरक दिसला नाही. कॅथेटर दोन्हीकडे आठवडाभर असतोच.

किडनीतली लहान गाठ हे माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण. गाठ तेवढी काढून किडनी वाचवायची, तर रक्तवाहिनीला चिमटा लावून २५-३० मिनिटांच्या आत गाठ कापून टाके पूर्ण करायचे असतात. दुर्बिणीने हे जमणारे सर्जन कमी. रोबोट नसला की 'किडनीच काढू' हा सोपा रस्ता धरला जातो. ज्याची दुसरी किडनी मधुमेहाने आधीच दमलेली आहे, त्याच्यासाठी हा फरक पुढे डायलिसिस लागण्या-न लागण्याचा ठरू शकतो.

गुदाशयाचा खालचा कॅन्सर, पुरुष, अरुंद ओटीपोट, वजन जास्त, अशा ठिकाणीही रोबोट सोयीचा पडतो. पण सरसकट नाही. रोलार या मोठ्या चाचणीत (२०१७, ४७१ पेशंट) मधेच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ८.१ टक्के आणि दुर्बिणीत १२.२ टक्के आलं. संख्याशास्त्राने हा फरक सिद्ध मानता आला नाही.

आता जिथे पैसे देऊच नयेत ती ठिकाणं. पित्ताशय, अपेंडिक्स, साधा हर्निया: दुर्बिणीने उत्तम होतात, रोबोटने फक्त बिल वाढतं.

आणि सोलापूरकरांनी नीट वाचावं असं म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी आहे. आपल्या जिल्ह्यात हा आजार किती आहे ते तिथल्या लोकांना विचारा. २०१८ च्या लॅक चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या गर्भाशयमुख कॅन्सरमध्ये दुर्बीण किंवा रोबोटने मोठं ऑपरेशन केलेल्या बायकांचे निकाल उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा वाईट आले: साडेचार वर्षांनी आजारमुक्त असण्याचं प्रमाण ८६ टक्के विरुद्ध ९६.५ टक्के. त्यानंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, एफडीएनेही सावध केलं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर वेगळा. तिथे कमी छेदाची शस्त्रक्रिया चालते, स्थूल पेशंटमध्ये रोबोटचा उपयोगही होतो. दोन्हीला लोक 'पिशवीचा कॅन्सर'च म्हणतात, त्यामुळे अर्जावर नुसतं तेवढं लिहिलेलं असेल तर बायोप्सीचा कागद बघितल्याशिवाय मंजुरी देऊ नका.

मावा-तंबाखूने गालाला होणारा कॅन्सर, जो आपल्याकडे पोत्याने आहे, त्यात रोबोटचं काम नाही. तिथे गाल-जबडा उघडूनच काढावा लागतो. रोबोट चालतो तो टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी.

---

भवानीपेठ_७

डॉक्टरसाहेब, गुडघ्याचा रोबोट राहिला की ओ. सगळ्यात जास्त बोर्ड त्याचेच लागलेत.

---

युरो_होटगीरोड

माझा विषय नाही, पण यंत्र पूर्ण वेगळं आहे. ते हाडाचा काप कुठे-किती घ्यायचा याचं मोजमाप धरून ठेवतं. कृत्रिम सांध्याची किंमत त्यात नसते, ती वेगळी, आणि तिच्यावर २०१७ पासून सरकारने कमाल मर्यादा घातलेली आहे. विश्वस्तांनी प्रस्तावात 'रोबोट' म्हणजे कोणता, हे आधी लेखी घ्यावं. पोटाचा आणि गुडघ्याचा एकमेकांच्या कामी येत नाहीत.

---

ओटी_सीएसएसडी

दुसऱ्या प्रश्नावर येते, मशीन फुकट मिळालं तर ऑपरेशन स्वस्त होतं का. थोडं होतं. लोकांना वाटतं तेवढं नाही, कारण खर्च मशीनइतकाच अवजारांत आहे.

दा विंचीसारख्या (परदेशी बनावटीचा रोबोट) यंत्राच्या अवजारात चिप असते. बहुतेक अवजारांना १० वापर. काही प्रकारांना २०२० नंतर १२ ते १८ पर्यंत वाढवून दिलेत. आकडा संपला की अवजार चकचकीत असलं तरी यंत्र ते घेत नाही. एका प्रोस्टेटला साधारण चार लागतात: कात्री, बायपोलर (विजेने रक्तस्राव थांबवणारं), पकड आणि सुई धरायचं एक. याशिवाय प्रत्येक हाताला निर्जंतुक प्लास्टिकचं आवरण, नळ्यांची सील, कात्रीच्या टोकाची टोपी, हे एकदाच वापरून फेकायचं. रक्तवाहिनी सील करणारं अवजार घेतलं तर तेही एकदाचंच.

आकडे समजायला गोल धरू (तुमच्या कोटेशनमधले घाला). मशीन १२ कोटी, आयुष्य १० वर्षं, म्हणजे वर्षाला १ कोटी २० लाख. देखभाल करार वर्षाला ८० लाख. एकूण २ कोटी. वर्षात १०० केस झाल्या तर एका केसवर २ लाख, २५० झाल्या तर ८० हजार. आता मशीन देणगीत आलं असं धरा. उरली देखभाल: १०० केसवर ८० हजार, २५० वर ३२ हजार. पण अवजार सरासरी २ लाखांचं आणि १० वापराचं असेल तर एका वापराचे २० हजार, चार अवजारांचे ८० हजार, वर फेकायच्या वस्तू २० हजार. म्हणजे प्रत्येक केसला लाख रुपये मशीन कुणीही दिलं तरी लागणारच. 'मशीन दानात आलंय, मग एवढं बिल कसं' या वादाचं मूळ इथे आहे. आणि केस १०० च्या खाली घसरल्या की फुकटचं मशीनसुद्धा महाग पडतं. शिवाय सर्जनचा हात बसलेला राहत नाही, ते वेगळंच.

आता बिलात बघायची एक जागा. अवजाराचा खर्च 'खरेदी किंमत भागिले वापरसंख्या' असा लागला पाहिजे. काही ठिकाणी पहिल्या पेशंटला नव्या अवजाराची पूर्ण किंमत लावतात, मग पुढच्या नऊ जणांनाही 'रोबोटिक चार्जेस' असतातच. यंत्र प्रत्येक अवजाराचे उरलेले वापर दाखवतं. केसच्या कागदाला अवजाराचा अनुक्रमांक आणि 'उरलेले वापर' ही नोंद जोडा म्हणावं. ओटीच्या रजिस्टरला एक रकाना वाढतो, बाकी काही नाही.

अवजारं वेळेआधी का मरतात तेही सांगते, कारण तोही खर्च शेवटी पेशंटवरच येतो. अवजाराच्या लांब दांड्यात आतून तारा असतात, त्यांतूनच टोक वळतं. ऑपरेशन झाल्यावर रक्त आत वाळू दिलं की संपलं. काढल्याबरोबर ओलं ठेवायचं, छिद्रांतून पाणी मारून धुवायचं, अल्ट्रासॉनिक टबात घालायचं, मग ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र). शेवटचं पाणी आरओचंच हवं. आपल्याकडचं बोअरचं पाणी आणि टँकरचं पाणी जड. त्याने दांड्यात पांढरा थर बसतो, तार अडकते, टोक मधेच अर्धवट वळतं. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात सीएसएसडीला (अवजारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाला) स्वतंत्र आरओ आणि साठवण आहे का, हा प्रश्न रोबोटच्या किमतीआधी विचारावा. कॅमेऱ्याची दुर्बीण बहुधा ऑटोक्लेव्हला चालत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्माचं यंत्र लागतं. ते नसेल तर तोही खर्च प्रस्तावात दिसला पाहिजे. एकच दुर्बीण घेतली असेल तर दिवसाची दुसरी केस तिच्या निर्जंतुकीकरणासाठी खोळंबते. दोन घ्या.

---

समाजसेवा_अधीक्षक

तिसरा प्रश्न माझ्या कामाचा. दादा, तुमच्या २५ लाखांतून बारा कोटींच्या मशीनचे दोन टक्के होतात. तेच लाख-लाखाने दिले तर २५ पेशंट. माझं मत उघड आहे. पण थेट पेशंटला द्यायचं तर क्रम पाळावा लागतो. नाहीतर जे सरकारने किंवा रुग्णालयाने भरायचं, ते तुम्ही भरून बसाल.

आधी महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान. रेशनकार्ड कोणत्याही रंगाचं असो, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. रुग्णालय योजनेत आहे का, ही शस्त्रक्रिया त्यात बसते का आणि पॅकेजचा कोड कोणता, हे आरोग्यमित्राकडून (योजनेचा रुग्णालयातला माणूस) कागदावर घ्या. पॅकेज ऑपरेशनचं असतं, यंत्राचं नाही. कॅशलेस योजनेत घेतलेल्या पेशंटकडून त्याच ऑपरेशनसाठी वरून पैसे घेता येत नाहीत, त्यामुळे 'योजनेत करतो, फक्त रोबोटचे दीड लाख तुम्ही भरा' असं कुणी म्हणालं की थांबा. न्यासाने ते भरायचंच ठरवलं तर रुग्णालयाशी वेगळा करार करून, पेशंटच्या नावावर पावती न फाडता.

मग धर्मादाय रुग्णालयाची स्वतःची जबाबदारी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना. १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांना वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बलांना ३ लाख ६० हजार. यासाठी रुग्णालयाला सगळ्या पेशंटच्या बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी' म्हणून वेगळी ठेवावी लागते. निर्धन पेशंटची खाट, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या बिलात येत नाहीत, डॉक्टरने फी सोडली असेल तर तीही येत नाही, आणि औषधं, वापराच्या वस्तू, इम्प्लांट खरेदीच्या किमतीला या निधीत टाकायचे असतात. दुर्बल घटकातल्या पेशंटने औषधं-वस्तूंच्या खरेदी किमतीच्या निदान अर्धी रक्कम भरायची. वर ताईंनी सांगितलेला 'भागिले वापरसंख्या' इथे कामाला येतो: खरेदी किंमत म्हणजे एका वापराची खरेदी किंमत.

तेव्हा प्रस्ताव घेऊन आलेल्या रुग्णालयाला पहिला प्रश्न हा विचारा की तुमच्या निर्धन रुग्ण निधीत आज शिल्लक किती आणि गेल्या वर्षी किती वापरला. शिल्लक पडून असेल आणि ते तुमच्याकडे गरिबांसाठी मागत असतील, तर पेशंटची गरज खरी आहे पण पैसा त्यांच्याकडे आधीच आहे. तक्रार करायची तर धर्मादाय आयुक्तांच्या इथल्या कार्यालयात.

विडी कामगार असेल तर केंद्राच्या कामगार कल्याण विभागाची आरोग्य योजना विसरू नका. कॅन्सरला साडेसात लाखांपर्यंत, आणि हर्निया, अपेंडिक्स, अल्सर, स्त्रीरोग, प्रोस्टेटच्या छोट्या शस्त्रक्रियांना ३० हजारांपर्यंत खर्चाची भरपाई आहे. अडतं ते ओळखपत्रावर. बाई तीस वर्षं विड्या वळते आणि कार्ड सासूच्या नावावर असतं, किंवा कारखाना बदलल्यावर नवीन काढलेलंच नसतं. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी हे कल्याण दवाखान्यात तपासून घ्या.

या दोन-तीन वाटा बंद असतील तर मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता कक्ष. त्याचा कक्ष आता जिल्हाधिकारी कार्यालयातही आहे. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, आणि झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही, म्हणून अर्ज उपचार चालू असतानाच करायचा. डिस्चार्जनंतर बिलं घेऊन येणारे खूप जण रिकाम्या हाताने परत जातात.

कागद सगळीकडे जवळपास तेच: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला (चालू वर्षाचा, मार्चमध्ये काढलेला एप्रिलमध्ये नाकारला जातो), रेशनकार्ड, आधार, निदानाचे रिपोर्ट आणि रुग्णालयाचं सही-शिक्क्याचं खर्चपत्रक. खर्चपत्रकात 'रोबोटिक सर्जरी पॅकेज ३,५०,०००' अशी एक ओळ चालवू नका. ओटी, भूल, सर्जन, अवजारं, फेकायच्या वस्तू, खोली, औषधं वेगवेगळी हवीत. आणि शेजारी हेच ऑपरेशन दुर्बिणीने किंवा उघडून केल्यास किती, तो आकडा. दोन्हीतला फरक हीच तुमची खरी देणगी.

खाजगी विमा असणारे थोडे असतील, तरी सांगतो: रोबोटिक आहे म्हणून विमा कंपनी दावा सरळ नाकारू शकत नाही, विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्येच ते आधुनिक उपचारांच्या यादीत घातलंय. मात्र पॉलिसीत उपमर्यादा असू शकते. ती वाचा, न्यासाने फक्त वरचा फरक भरावा.

पेशंटला टाटाला किंवा पुण्याला पाठवायची वेळ आली तर प्रवासाचंही बघा. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री-एसीत भाडं पूर्ण माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला लागतो, आणि तो सिद्धेश्वर एक्स्प्रेस सुटायच्या तासभर आधी मागून मिळत नाही.

---

दक्षिणकसबा_विश्वस्त

सगळ्यांचे आभार. समिती बसली. दोघा विश्वस्तांचं म्हणणं की मशीन ही कायमची वस्तू, पेशंटला दिलेले पैसे त्याच वर्षी संपतात. त्यात तथ्य नाही का? आणि हिशेबाच्या बाजूने दोन्हींत काही फरक पडतो का?

---

जमाखर्च_सातरस्ता

हिशेबात फरक पडतो, चांगलाच.

न्यासाने पेशंटच्या बिलापोटी रुग्णालयाला दिलेली रक्कम हा तुमच्या स्वतःच्या उद्देशावरचा खर्च. आयकर सवलतीसाठीच्या ८५ टक्के उत्पन्न वापरण्याच्या अटीत पूर्ण धरला जातो. तीच रक्कम रुग्णालय चालवणाऱ्या दुसऱ्या न्यासाला देणगी म्हणून दिली तर आता तिचा ८५ टक्केच भाग वापर म्हणून धरतात. म्हणजे २५ लाख दिले तर २१ लाख २५ हजार. आणि पावतीवर 'कॉर्पस' (कायम निधी) लिहिलं गेलं तर काहीच नाही. मशीनसाठीच्या देणग्या कॉर्पसमध्ये घेण्याची रुग्णालयांना सवय असते, कारण त्यांना ते बरं पडतं. पावती फाडण्याआधी शब्द बघा.

पेशंटच्या हातात रोख देऊ नका. एका दिवसात एका व्यक्तीला १० हजारांवर रोख गेली की तो खर्च धरला जात नाही. रुग्णालयाच्या नावे चेक किंवा आरटीजीएस, आणि फाइलमध्ये अर्ज, दाखला, खर्चपत्रक, अंतिम बिल, पावती. अंतिम बिलात विमा, योजना, निर्धन निधी, इतर न्यासांची मदत हे सगळं वजा दाखवलेलं हवं. एकाच पेशंटसाठी तीन न्यासांनी तीच रक्कम भरल्याचं नंतर उघड होतं. म्हणून मंजुरीपत्रात 'इतर मदत वजा जाऊन उरणाऱ्या रकमेपैकी कमाल इतके' असं लिहा आणि पैसे सगळ्यांत शेवटी द्या.

न्यासपत्रात उद्देश काय लिहिलाय तेही पाहा. 'वैद्यकीय मदत' असेल तर ठीक. काही जुन्या समाज-न्यासांत 'ज्ञातीतील गरजूंना' असतं. तिथे सर्वांसाठीच्या मशीनला देणगी बसते का हे वकिलाला विचारा.

मशीनच्या गटात एखादी कंपनी सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) येणार असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे सीएसआरच्या पैशातून झालेली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. सीएसआर नोंदणी क्रमांक असलेला न्यास, सोसायटी, कलम ८ (ना-नफा) कंपनी, लाभार्थ्यांचे गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडेच राहते. रुग्णालयाचा तो क्रमांक आहे का? आधी विचारा, नाहीतर मोठा देणगीदार गळतो आणि तुमचे २५ लाख 'मशीन लवकरच येत आहे' या खात्यात पडून राहतात.

---

बायोमेडिकल_एमआयडीसी

'कायमची वस्तू' यावर. हा रोबोट म्हणजे चौथरा बांधला आणि झालं असं नाही. देखभाल करार एक वर्ष चुकला की उत्पादक हात लावत नाही, सॉफ्टवेअर अडतं, आणि पार्ट बाहेर मिळत नाहीत. दहा वर्षांत नवीन मॉडेल येतं, जुन्याची अवजारं हळूहळू बंद होतात. सरकारी रुग्णालयाला, आपल्या सिव्हिललाही, मशीन दान करायचा विचार कुणी करत असेल तर पहिला प्रश्न हाच: तिसऱ्या वर्षापासून देखभाल आणि अवजारं कोणत्या लेखाशीर्षातून? उत्तर नसेल तर आवरण घालून ठेवलेलं मशीन बघायला मिळेल.

जागेचं: पेशंटच्या बाजूचा भाग पाऊण टनाच्या वर असतो. जुन्या इमारतीत वरच्या मजल्याची फरशी, लिफ्ट आणि दाराची रुंदी तपासूनच ऑर्डर द्या. वीज स्वतंत्र लाइनवर, ऑनलाइन यूपीएस आणि जनरेटर. यंत्राची स्वतःची बॅटरी फक्त काही मिनिटं हात सोडवून घेण्यापुरती असते, ऑपरेशन पुरं करण्यापुरती नाही. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४३-४४ अंश असताना ओटी २० अंशांवर टिकते का, हे जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत तपासून कळत नाही.

स्वस्त पर्यायही बघा. गुरुग्रामच्या कंपनीचा एसएसआय मंत्रा हा भारतीय रोबोट आहे, २०२२ मध्ये मंजुरी मिळालेला. किंमत परदेशी यंत्रापेक्षा बरीच कमी. दोन्हींची कोटेशन मागवा, आणि तुलना मशीनच्या किमतीवर नको, पाच वर्षांच्या एकूण खर्चावर: मशीन, देखभाल, प्रत्येक केसची अवजारं, आणि बिघाड झाल्यास इंजिनिअर कुठून येणार. पुणे की हैदराबाद, किती तासांत?

तरीही मशीनलाच द्यायचं ठरलं तर देणगीपत्राऐवजी करार करा. वर्षाला किती केस सवलतीत आणि कोणत्या निदानांच्या. त्या केसमध्ये अवजारांचा खर्च कुणाचा. या केस ४१ ककच्या कायदेशीर खाटांव्यतिरिक्त असतील हे स्पष्ट शब्दांत, नाहीतर जे कायद्याने द्यायचंच आहे ते तुमच्या नावावर मोजून दाखवतील. मशीन बंद पडल्याचे दिवस, केसची संख्या आणि मधेच पोट उघडावं लागलेल्या केस दर तीन महिन्यांनी कळवायच्या. मधेच उघडावं लागलं तर पेशंटला रोबोट आणि उघडी अशी दोन्ही बिलं लागणार नाहीत. पाच वर्षांच्या आत मशीन विकलं किंवा हलवलं तर देणगीचा प्रमाणशीर भाग परत. हे कलम वाचून कुणी नाराज झालं तर तेही एक उत्तरच समजा.

---

ओटी_सीएसएसडी

करारात एक भर घाला, सर्जनची. मशीन सोलापुरात आणि सर्जन शनिवार-रविवारी बाहेरून येणारा, असं बऱ्याच ठिकाणी असतं. दोन दिवसांत पाच केस उरकतात, रविवारी रात्री ते गाडीत. आतड्याची जोडणी फुटते ती बहुधा चौथ्या ते सातव्या दिवशी, म्हणजे गुरुवारी. तेव्हा पेशंटचं पोट कोण बघणार, रात्री दोनला पुन्हा आत कोण जाणार, ते नाव कागदावर हवं. इथेच राहणारे दोन प्रशिक्षित सर्जन, आणि टेबलाजवळ उभं राहणारा सहायक प्रशिक्षित. रक्तस्राव झाला तर यंत्राचे हात काढून पोट उघडायला किती मिनिटं लागतात याची रंगीत तालीम संपूर्ण टीमने केलेली असावी. भूलतज्ज्ञांनाही विचारा. प्रोस्टेटला पेशंट डोकं खाली करून २५-३० अंशांवर तीन-चार तास असतो. काचबिंदू, कमकुवत हृदय, जाड शरीर असलेल्यांना ते झेपत नाही. त्यांना उघडी शस्त्रक्रियाच बरी, आणि त्या पेशंटलाही न्यासाची मदत मिळायला हवी. अर्जाच्या फॉर्मवर 'रोबोटिकसाठी मदत' असं छापलंत तर तो बिचारा त्यातून राहून जातो.

---

समाजसेवा_अधीक्षक

अगदी बरोबर. फॉर्मवर 'शस्त्रक्रियेसाठी मदत' छापा, आणि खाली एक रकाना: 'रोबोटिक सुचवली असल्यास कारण'. तो सर्जनने स्वतःच्या अक्षरात भरायचा. कॅन्सरचा पेशंट असेल तर ट्यूमर बोर्डाच्या टिपणाची प्रत जोडायची. सर्जन, किरणोपचार आणि औषधोपचार अशा तिघांच्या सह्या असतात त्यावर. रकाना रिकामा आला तर फाइल परत, पेशंटला नाही: त्याच्या दुर्बिणीच्या किंवा उघड्या ऑपरेशनचं खर्चपत्रक त्याच दिवशी मागवून घ्या.

---

दक्षिणकसबा_विश्वस्त

फॉर्म आणि कराराचा मसुदा बनवतो. निर्धन रुग्ण निधीची शिल्लक आणि गेल्या वर्षीचा वापर विचारणारं पत्र उद्या जाईल. उत्तर येईपर्यंत २५ लाख मुदत ठेवीत.

---

जमाखर्च_सातरस्ता

मुदत ठेव ३१ मार्चच्या आत मोडेल अशी ठेवा. वर्षात वापर झाला नाही तर रक्कम पुढे नेण्यासाठीचा अर्ज वेळेत भरावा लागतो, आणि त्यात कारण लिहावं लागतं.